त्यात घडतं काय?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. हा प्रश्न मला पहिल्यांदाच येतोय असं नाही. आमच्याकडे न्यू जर्सीत कुणी नवीन मराठी कुटुंब राहायला आलं, गप्पांत सिनेमाचा विषय निघाला, की मी 'द स्टेशन एजंट' बघा म्हणून सांगते. पुढच्या भेटीत ठरलेलं वाक्य ऐकायला मिळतं, "बघितला हो, पण त्यात घडतं काय?" परवा एका काकांचा फोन आला. त्यांनी वीस मिनिटांत बंद केला होता. म्हणाले, "अगं, तो माणूस नुसता चालतो आणि बसतो. वाट तरी किती बघायची?"

काकांचं म्हणणं खरं आहे. तो चालतो आणि बसतो. मला जे सांगायचंय ते त्या बसण्याबद्दलच आहे.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सिनेमा २००३ चा. लेखक-दिग्दर्शक टॉम मॅकार्थी, त्याचा हा पहिलाच. जेमतेम पाच लाख डॉलर हाताशी होते आणि चित्रीकरण वीस दिवसांत उरकलं. अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात प्रेक्षकांची पसंती आणि पटकथेचं पारितोषिक अशी दोन्ही बक्षिसं त्याला मिळाली. पुढे याच मॅकार्थीच्या 'स्पॉटलाइट'ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं, पण मला विचाराल तर हा पहिला सिनेमा त्याहून जवळचा.

फिन नावाचा माणूस न्यू जर्सीतल्या होबोकेन शहरात खेळण्यातल्या आगगाड्यांच्या दुकानात काम करतो. पीटर डिंक्लेजने केलाय. 'गेम ऑफ थ्रोन्स' मालिकेमुळे आता त्याला सगळं जग ओळखतं. तेव्हा ओळखत नव्हतं. फिनची उंची जेमतेम साडेचार फूट. रस्त्याने जाताना लोक वळून बघतात, पोरं काहीबाही ओरडतात. गावातल्या दुकानात सामान घ्यायला जातो तर दुकानदारीण न विचारता त्याचा फोटो काढते. या सगळ्यावर त्याने एकच उपाय शोधलाय, कुणाशी बोलायचं नाही. आगगाड्या तेवढ्या त्याच्या आवडीच्या, कारण त्या वळून बघत नाहीत. (हे सिनेमात कुणी म्हणत नाही, मी म्हणतेय.) दुकानाचे वयस्कर मालक अचानक जातात आणि मृत्युपत्रात त्याच्यासाठी एक बंद पडलेलं स्टेशन ठेवून जातात. गावाचं नाव न्यूफाउंडलंड. त्या नावाचा कॅनडातला मोठा प्रांत तुम्हाला माहीत असेल, हे मात्र न्यू जर्सीच्या उत्तरेकडचं लहानसं गाव. वकील सांगतो, तिथे काहीही नाही. फिनला हेच हवं असतं. तो बॅग उचलतो आणि रुळांतून चालत निघतो.

पण स्टेशनाच्या दारातच कॉफीची गाडी उभी असते. ती चालवणारा ज्यो क्यूबन घरातला. वडील आजारी म्हणून त्यांची गाडी तो चालवतोय, त्या आडरानात गिऱ्हाईक यथातथाच आणि बोलायला कुणी नाही. त्यात ऑलिव्हिया. चित्रकार बाई, नवऱ्यापासून वेगळी राहणारी, गाडी चालवताना लक्ष भलतीकडे. एकदा नाही, दोनदा फिनला उडवता उडवता राहते. तिचा लहान मुलगा दोन वर्षांपूर्वी गेलाय.

असे तीन जण.

आता तो प्रसंग. फिन स्टेशनाबाहेर पुस्तक वाचत बसलाय. ज्योला त्याच्याशेजारी बसायचंय. बोलणार नसशील तर बस, अशी अट. ज्यो बसतो. वेळ जातो. मग त्याला राहवत नाही, तोंड उघडतं. फिन अटीची आठवण करून देतो. ज्यो म्हणतो, वीसेक मिनिटं तर गप्प होतो की! फिन घड्याळ बघतो आणि सांगतो, नऊ.

लोक या जागी हसतात, मीही हसले होते. पण दुसऱ्यांदा बघताना एक गोष्ट लक्षात आली. ज्याला नऊ मिनिटं झाल्याचं माहीत आहे तो माणूस पुस्तकात बुडालेला नव्हता. शेजारी कुणीतरी बसलंय याकडेच त्याचं सगळं लक्ष होतं. आयुष्यभर लोकांनी त्याच्याकडे टक लावून बघितलं, आणि आज कुणीतरी त्याच्याकडे न बघता, त्याच्या बाजूला, त्याच दिशेला तोंड करून बसलंय. याची त्याला सवय नाही. मग तो वेळ मोजतो. आणि उठून जा असं म्हणत नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं.

हा सिनेमा मी पहिल्यांदा नीट पाहिला तो आईबरोबर, २००५ च्या उन्हाळ्यात. आई सहा महिन्यांसाठी आली होती. आम्ही तेव्हा न्यू जर्सीतल्याच कर्नी गावात राहायचो, दोन मजली घराचा वरचा मजला भाड्याने घेऊन. दिवसभर आम्ही दोघं कामावर आणि आई घरात एकटी. लायब्ररीतून डीव्हीडी आणली ती माझ्यासाठी. आईला इंग्रजी येत नाही, थोडा वेळ बसेल आणि उठेल असं मला वाटलं होतं.

आई उठली नाही. आमचे वडील रेल्वेत होते. माझ्या जन्माच्या आसपास त्यांची बदली बार्शी लाइटवर, मिरज-लातूरच्या त्या अडीच फुटी नॅरोगेजवरच्या एका लहानशा स्टेशनात झाली होती. स्टेशन, मागे क्वार्टर, पलीकडे रुळांचे सांधे बदलणाऱ्या प्वाइंट्समनची खोली आणि चारी बाजूंना माळ. त्यामुळे पडद्यावर ते लाकडी स्टेशन आल्याबरोबर आई सरसावून बसली. "तिकिटाची खिडकी ही," म्हणाली. फिन रुळांतून चालायला लागला तर म्हणाली, "हा गँगमनसारखा चालतोय बघ. स्लीपरवर स्लीपर." खरंच, त्याचं पाऊल रुळांखालच्या आडव्या ओंडक्यांच्या, म्हणजे स्लीपरच्या, अंतराशी जुळवून घेत होतं, ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं. मग तिघं मिळून सुकवलेल्या मांसाच्या पट्ट्या चघळत गाडीची वाट बघत बसतात, तेव्हा तिने विचारलं, "कुरडया खातायत का?" मी थोडंफार सांगत होते, पण फार नाही. सांगण्यासारखे संवादच कमी आहेत.

नऊ मिनिटांचा प्रसंग झाला आणि आई एकदम म्हणाली, "सोबतीला आलाय तो."

मी या शब्दाकडे कधी नीट बघितलंच नव्हतं. मैत्री वेगळी, ओळख वेगळी आणि सोबत वेगळी. वडिलांची रात्रपाळी असली की प्वाइंट्समनची बायको आमच्या क्वार्टरवर सोबतीला यायची. नऊच्या पुढे यायची, उंबऱ्याच्या आत घोंगडं टाकायची, आडवी व्हायची आणि उजाडायच्या आत जायची. आई पाळण्याशी जागी. बोलणं झालंच तर "दूध प्याली का पोर?" एवढं. "तुम्ही दोघी गप्पा मारायचात का?" मी विचारलं. "कशाच्या गप्पा? दिवसभर राबून आलेली असायची ती. झोपायची." थोडं थांबून म्हणाली, "तिच्या घोरण्याने मला झोप लागायची."

'द स्टेशन एजंट'मध्ये घडतं काय, तर हे घडतं. सोबत कशी जमते ते दिसतं. आणि ती जमते फार सावकाश, कारण तिघांनाही ती मागता येत नाही. ज्योला निदान तोंड आहे. फिन आणि ऑलिव्हिया बोलत असताना तो विचारतो, नंतर तुम्ही काही करणार असाल तर मीही येऊ का? फिन म्हणतो, आम्ही काही करणार नाही. हो, पण केलंत तर? काही करणार नाही. पण समजा केलंत तर? इतकं उघडं मागणं मोठ्या माणसाच्या तोंडी मी कुठे ऐकलं नाही. इथे आल्यावर पहिल्या वर्षी मला कितीदा तरी असं विचारावंसं वाटलं होतं. होबोकेनला गाडी बदलताना ऑफिसातल्या मुली घोळक्याने कुठेतरी जायला निघायच्या आणि मी घड्याळ बघितल्यासारखं करून फलाटाकडे वळायचे. "मीही येऊ का" हे तीन शब्द काही तोंडातून निघाले नाहीत.

ऑलिव्हियाच्या मुलाचं दुःखही याच पद्धतीने येतं. मागचे दिवस दाखवत नाहीत, अपघात दाखवत नाहीत, व्हायोलिन वाजत नाही. ती सांगते, फिन ऐकतो. तो सांत्वनाचं एक वाक्य बोलत नाही. आपल्याकडे भेटायला जातात तेव्हा जो शहाणा माणूस असतो तो असाच कोपऱ्यात बसून राहतो, आणि घरच्यांना नंतर तोच आठवतो. ऑलिव्हियाचं काम पॅट्रिशिया क्लार्कसनने केलंय. हातातली वस्तू ती नेहमी निसटू देणार असं वाटतं, आणि बऱ्याचदा ती निसटतेच.

माझा सगळ्यात आवडता भाग आगगाडीच्या पाठलागाचा. ऑलिव्हिया फिनला व्हिडिओ कॅमेरा देते. ज्यो आपली कॉफीची गाडी रुळांशेजारच्या रस्त्यावरून आगगाडीच्या बरोबरीने पळवतो आणि फिन कॅमेरा धरून ती टिपतो. नंतर तिघं मिळून टेप बघतात. टेपमध्ये काय? आगगाडी जाते. ज्योला आगगाड्यांचं काडीचंही वेड नाही. तरी तो गाडी अशी हाकतो जणू जन्मभर हेच करत आलाय. दुसऱ्याच्या वेडासाठी आपलं पेट्रोल जाळणं, याहून मैत्रीची मोठी खूण मला तरी माहीत नाही.

सगळं निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. शेवटच्या भागात घटना एकदम दाटीने येतात. फिन दारूच्या गुत्त्यात दारू पिऊन बारवर उभा राहतो आणि बघा, बघून घ्या मला, म्हणून ओरडतो. ऑलिव्हिया मरणाच्या दारापर्यंत जाते. ज्यांनी तासभर "काही घडत नाही" म्हणून तक्रार केली त्यांना इथे बरं वाटतं. मला वाटतं, इथे मॅकार्थीचा स्वतःच्या शांतपणावरचा विश्वास थोडा डळमळला. फिनशी ओळख होणाऱ्या लायब्ररीतल्या मुलीचं उपकथानकही अर्धवट राहतं. पण बारमधल्या त्या ओरडण्यात डिंक्लेज जो राग आणतो तो खोटा नाही, म्हणून तेही मी मुकाट्याने बघते. आणि ताबडतोब नंतर सिनेमा पुन्हा आपल्या चालीवर येतो. शेवट तर फारच साधा. जेवणं झालीत, तिघं व्हरांड्यात बसलेत, ज्यो चिडवतोय, बाकीचे दोघं ऐकून घेतायत, आणि मधेच सिनेमा संपतो. आई म्हणाली, "संपला? बरं झालं, बसलेले असतानाच संपला."

त्या उन्हाळ्याबद्दल आणखी एक. खाली आमच्या घरमालकीणबाई राहायच्या, पोर्तुगालहून आलेल्या, सत्तरीच्या, एकट्या. संध्याकाळी पायऱ्यांवर बसून भाजी निवडायच्या. आई दोन महिने वरच्या खिडकीतून बघत होती. सिनेमा पाहिल्यानंतर चार-सहा दिवसांनी मी कामावरून आले तर आई खाली, त्यांच्या एक पायरी खाली बसलेली, मांडीवर फरसबी आणि शिरा काढणं चाललेलं. दोघी गप्प. मी दिसल्यावर आईने मोठ्या शोधाची बातमी सांगितली, "अगं, या बटाट्याला बटाटाच म्हणतात!" बाईंनीही टोपलीतला बटाटा उचलून मला दाखवला. शब्द त्यांच्याकडूनच आपल्याकडे आलाय हे मला माहीत होतं, पण त्या दोघींना ते तिथे पायरीवर सापडलं होतं. पुढे पावही सापडला. सहा महिन्यांत एवढेच दोन शब्द. पण आई परत जाईपर्यंत रोज साडेपाचला खाली जायची आणि दिवे लागणीला वर यायची. काय करत होतीस विचारलं तर "बसले होते" म्हणायची.

न्यूफाउंडलंडला मीही एकदा जाऊन आले. प्रवासी गाड्या तिथे थांबणं कधीच बंद झालंय, मालगाडी मात्र अजून जाते. मी अर्धा तास थांबले. गाडी काही आली नाही.

तर काका, तुम्ही वीस मिनिटांत बंद केलात. तिथून पुढे लावा. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा आणि काकूंना शेजारी बसवा, त्यांना सिनेमा आवडत नसला तरी. नऊ मिनिटांचा तो प्रसंग येईल. तेवढा झाला की मला फोन करा.