मार्गशीर्षातला गुरुवार आणि पाटीवरची पेन्सिल

मार्गशीर्ष, गुरुवार. अमळनेर तालुका, माहेरी.

आमच्याकडे बाईमाणूस चिडलं की तिच्या स्वभावावर बोलतात. ती जेवली का, हे कुणी विचारत नाही. आज दिवसभर हेच डोक्यात घोळतंय.

महालक्ष्मीचा गुरुवार, घरातल्या सगळ्या बायकांना उपवास. त्यात कापसाची वेचणी चालू. धाकटी भावजय सकाळी नुसता चहा घेऊन शेतात गेली. दुपारी येऊन साबुदाण्याची खिचडी केली, सगळ्यांना वाढली आणि कढईच्या तळाला उरली ती स्वतः खाल्ली. चारच्या सुमारास पोरावर तिचा असा आवाज चढला की ओट्यावरून माय म्हणाली, "तिना सभावच तसा शे."

मला ते फार लागलं. पोट रिकामं राहून रक्तातली साखर उतरू लागली की शरीर ती सावरायला अ‍ॅड्रिनलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरकं सोडतं. हात थरथरतात, छाती धडधडते, बारीकसारीक आवाजही सहन होत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला तो राग दिसतो. आणि साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च. दाण्याचा कूट सढळ असला तर थोडी प्रथिनं मिळतात, पण तळाच्या खिचडीत तो कितीसा येणार? साखर भरकन चढते आणि तशीच उतरते.

मग तिने गुळाचा खडा तोंडात टाकला. गोडाची ही ओढ का लागते, याचा एक धागा 1971 सालच्या कामात सापडतो. अमेरिकेत एमआयटीमध्ये जॉन फर्नस्ट्रॉम आणि रिचर्ड वर्टमन यांनी उंदरांवर दाखवलं, की पिष्टमय खाण्यानंतर मेंदूतलं सेरोटोनिन, म्हणजे मनःस्थितीशी जोडलेलं रसायन, वाढतं. सेरोटोनिन ज्यापासून बनतं ते ट्रिप्टोफॅन मेंदूत शिरताना बाकीच्या अमिनो आम्लांशी, म्हणजे प्रथिनांच्या इतर घटकांशी, दाटीवाटी करतं. इन्सुलिन वाढलं की ती बाकीची मंडळी स्नायूंकडे वळतात आणि ट्रिप्टोफॅनला वाट मोकळी होते. पण त्याच घासात थोडी डाळ, थोडं दूध असलं तरी हा परिणाम बहुतेक पुसला जातो. त्यामुळे 'गोड खा, आनंदी राहा' हे काही मला पटत नाही. आपल्या केळीबद्दलही तेच. केळात सेरोटोनिन असतं हे खरं, पण खाल्लेलं सेरोटोनिन रक्तातून मेंदूत जात नाही. केळं खावं ते त्यातल्या बी-6 साठी, पोटभरीसाठी.

संध्याकाळी आरती झाल्यावर आम्ही दोघी मागच्या दारी बसलो होतो. तिने वेचणीच्या ओटीची गाठ सोडली. कोपऱ्यात पाटीवरच्या पेन्सिली होत्या, चार-पाच, दोन अर्ध्या कुरतडलेल्या. "ताई, कुणाला सांगू नका," म्हणाली. पहिल्या पावसात मातीचा वास आला की तोंडाला पाणी सुटतं, पेन्सिल खाल्ली की जरा बरं वाटतं. मी तिची खालची पापणी ओढून पाहिली. आतून पांढरट. नखंही तशीच.

माती, खडू, पेन्सिल, बर्फ यांची अशी ओढ पुष्कळदा अंगात लोह कमी असल्याची खूण असते. आणि लोह फक्त रक्तासाठी लागत नाही. मेंदूत डोपामिन आणि सेरोटोनिन तयार करणाऱ्या एन्झाइम्सनाही तेच लागतं. म्हणजे ही थकलेली, कशातच मन न लागणारी, पटकन चिडणारी बाई आणि ही चोरून पेन्सिल खाणारी बाई, दोघींचं कारण एकच असू शकतं! 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आढळला. इतक्या बायकांचा स्वभाव एकदम कसा बिघडेल?

आपल्या घरात काय नाही? कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी आहे. ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी, ते उडीद भरून काढतो. मेथी आहे, भरीत आहे, वर लिंबू पिळलं की पालेभाजीतलं लोह अंगी लागायला मदत होते. पण जेवणावर लगेच चहा हवाच आणि तो तिच्या लोहाची वाट अडवतो. चहा तास-दीड तासाने घे, एवढं तिने लगेच मान्य केलं. वाढून झाल्यावर जेवण्याऐवजी सगळ्यांबरोबर बस, यावर मात्र ती गप्प राहिली. ते मी मायशीच बोलणार आहे. नुसत्या खाण्याने हे भरून येणार नाही, गोळ्या लागतील, आणि किती लागतील ते डॉक्टरच सांगतील. थायरॉइड आणि बी-12 सुद्धा पाहायला सांगेन.

रात्री भावाला म्हटलं, उद्याच तिला गाडीवर घेऊन जा, रक्त तपासून आण. तो म्हणाला, "ताई, वेचणी तर उरकू दे."

मी म्हटलं, "वेचणी तीच करतेय."