येडशी–रामलिंग घाट: छोट्या रेल्वेच्या वाटेने जाणाऱ्यांसाठी

‘रूळ काढलेत, पण वाट सलग आहे, बिनघोर चालत सुटा,’ असे कुणी सांगितले तर ऐकू नका. वाट सलग नाही.

बार्शी लाईट या छोट्या रेल्वेचा, दोन रुळांत अडीच फूट (७६२ मिमी) अंतर असलेला मार्ग १९११ मध्ये लातूरला पोचला. ब्रॉडगेज करताना मार्ग धाराशिव शहरावरून फिरवला, २००८ मध्ये तो सुरू झाला आणि घाटातली जुनी वाट कायमची सुटली. ही लाईन बांधणारा इंजिनिअर कॅलथ्रॉप साहेब, त्याने ती आसामागे (चाकांच्या जोडीमागे) पाच टन भार धरून आखली होती, त्यामुळे भराव अरुंद आहे. तो ओळखायचा वळणावरून. गाडीवाट कुठेही काटकोनात वळते, रेल्वे कधीच नाही. पायाखाली खडी लागली की बरोबर चाललात. शेतालगत भराव नांगरून गेलाय, तिथे बांधाने जा. उभ्या पिकात पाय घालू नका.

खरा दम निघतो तो कटिंगमध्ये, म्हणजे खडक फोडून रुळांसाठी केलेल्या खिंडीत. दोन्हीकडे खडक, तळाला ओल टिकते, म्हणून वेडी बाभूळ आणि घाणेरी गच्च माजलेली. शंभर पावलांना अर्धा तास लागतो. बाभळीचा काटा मऊ तळाच्या बुटातून आरपार जातो आणि ओढताना टोक आतच मोडते. कडक तळाचे बूट, जाड पँट आणि चिमटा हवाच. कोयता अजिबात नको. हे अभयारण्य आहे, फांदीही तोडायची नाही. आधी वनखात्याच्या माणसांना विचारून घ्या. कटिंग झुडपांनी तुंबलेली दिसली तर आत शिरूच नका, वरच्या काठाने वळसा घालून पलीकडे भरावावर उतरा.

भरावाखालच्या पाण्याच्या मोऱ्यांची तोंडे गवतात झाकलेली असतात, काठी टेकत चाला. पूल आला की नाल्यात उतरून पलीकडे चढा. पुलाच्या गर्डरवरून (लोखंडी तुळईवरून) तोल सांभाळत जाणे हा शुद्ध मूर्खपणा आहे.

येडशीकडून खाली उतरा, उलट चढण अंगावर येते. डिसेंबर-जानेवारी उत्तम, माणशी तीन लिटर पाणी. येडशी ते लातूर पट्ट्यात बहुतेक ठिकाणी जुन्या मार्गावरच ब्रॉडगेज आहे, तिकडे दिवस घालवू नका.

स्टेशनांच्या नावातला ‘रोड’ फसवा आहे. कळंब रोड तडवळ्यात आहे, कळंब तिथून बरेच लांब. औसा रोड आणि लातूर रोडचेही तेच. बाहेरगावचा माणूस दिसला की रिक्षाचा पहिला भाव दुप्पट निघतो. बसण्याआधीच परतीसकट ठरवा, नाहीतर सरळ धाराशिवला उतरून एसटीने येडशी गाठा.