आत कुणीतरी चालतंय

भाद्रपदातली दुपार होती. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातला माझा दवाखाना बंद करून जेवायला निघालो होतो, तेवढ्यात जनकगंजातल्या एक वहिनी रिक्षातून उतरल्या. एकट्याच. पर्समधून काडेपेटी काढून त्यांनी टेबलावर ठेवली.

"डॉक्टर, हे आईंच्या उशीवर सापडलं. घरात अजून कुणाला बोलले नाही."

पेटीत कापसावर एक पांढरी अळी वळवळत होती. सेंटीमीटरभर लांब, जिवंत.

आई म्हणजे त्यांच्या सासूबाई, वय 78. दीड वर्षापूर्वी अर्धांगवायूने डावी बाजू लुळी पडली. डावा कान तर लहानपणापासूनच वाहायचा. आपल्याकडे कान वाहणं हा आजार धरतच नाहीत. "लहानपणी फुटला होता," असं सांगतात आणि लसणाचं तेल, कापसाचा बोळा यावर सगळं आयुष्य काढतात. पडद्याला भोक पडलेल्या कानातून येणाऱ्या पुवाला वास येतो आणि त्या वासावर माशी येते. तिने घातलेली अंडी साधारण दिवसभरात फुटतात. माश्यांची एक जात तर अंडी न घालता थेट जिवंत अळ्याच सोडते.

तासाभरात मुलगा आणि शेजारचे दोघे आजींना खुर्चीसकट घेऊन आले. मी जवळ वाकलो तशा त्या चिडून बोलल्या, "तीन दिवस सांगतेय, आत कुणीतरी चालतंय. ऐकतंय कोण?" घरच्यांना तो वयाचा भ्रम वाटला होता. एका डॉक्टरांनी फोनवरच झोपेची गोळी सांगितली होती. मला फार वाईट वाटलं. बाई शुद्धीत होत्या, नेमकं सांगत होत्या, आणि त्यांना गुंगी आणून गप्प केलं होतं.

मायक्रोस्कोपखाली कान पाहिला. कानाची नळी जेमतेम अडीच सेंटीमीटरची, ती रक्ताळलेल्या पुवाने भरलेली. सक्शनने पू ओढून घेतला तेव्हा तळाशी दाटीवाटीने बसलेली शेपटाची टोकं दिसली. प्रत्येक टोकावर दोन काळसर ठिपके. पाहणाऱ्याला ते डोळे वाटतात, पण अळी त्यांतून श्वास घेते. तोंड आत मांसात आणि शेपूट हवेकडे, अशी ती बसते. प्रकाश पडला की आणखी आत सरकते.

तोंडाला आकड्या असतात, म्हणून ओढाताण केली की अळी तुटते. पडदा फाटलेला असल्यामुळे कानात टर्पेंटाईन ओतणं मला धोक्याचं वाटलं. त्यात भिजवलेली वात फक्त नळीच्या तोंडाशी ठेवली. वाफेने गुदमरून त्या बाहेरच्या बाजूला आल्या, मग चिमट्याने एकेक धरली. आजींनी उजव्या हाताने सुनेचा पदर मुठीत धरला होता. एकदाच म्हणाल्या, "हळू रे बाळा." चौदा निघाल्या. वहिनींनी मोजल्या, मी मोजायला सांगितलं नव्हतं.

मग त्या कोपऱ्यात जाऊन रडल्या. "रोज चादर बदलते हो मी." खरंच बदलत होत्या, आजींचं अंग, केस, नखं सगळं स्वच्छ होतं. पण आजी उजव्या कुशीवर झोपायच्या, म्हणजे वाहणारा कान वर आणि चालता हात अंगाखाली. डावा हात उठतच नाही, मग कानावर बसलेली माशी हाकलणार कोण? खाट खिडकीपाशी होती. माशीला काही क्षण पुरतात. हे मी त्यांना नवऱ्यासमोर, शेजाऱ्यांसमोर मोठ्याने सांगितलं.

जे तेव्हा बोललो नाही ते इथे लिहितो. फाईलमध्ये माझ्याच हातचा ज्येष्ठातला कागद होता: 'या वयात ऑपरेशन नको. कान कोरडा ठेवावा, दर महिन्याला साफ करायला आणावे.' आणावे! वाड्याच्या दुसऱ्या मजल्यावरून, एकावेळी एकच माणूस मावेल अशा जिन्याने, लुळं माणूस कसं आणायचं, हे मी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आणखी तीन निघाल्या. सीटी स्कॅनमध्ये कानामागचं हाड शाबूत दिसलं, तेव्हा हायसं वाटलं, कारण तिथून मेंदू लांब नाही. अळ्या मारणारी आयव्हरमेक्टिनची गोळी, अँटिबायोटिक, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. नाक आणि घसाही तपासला. तिसऱ्या दिवशी कान रिकामा होता आणि आजी दुपारभर गोळीशिवाय झोपल्या.

खिडकीला जाळी बसली, खाटेवर मच्छरदाणी आली. महिन्यातून एका रविवारी कपाळाला दिवा आणि हातात छोटं सक्शन घेऊन मी तो जिना चढतो. आजी मान वळवून विचारतात, "आहे का रे कुणी?" मी नीट पाहून "नाही" म्हणेपर्यंत त्या श्वास रोखून धरतात.