वहीतलं पहिलं वाक्य

डोंबिवलीच्या एका काकांच्या गूगल जाहिराती मी सांभाळते. सहकार खात्यातून निवृत्त झाल्यापासून ते एकच काम करतात: सोसायट्यांना डीम्ड कन्व्हेयन्स, म्हणजे सरकारी भाषेत मानीव अभिहस्तांतरण, मिळवून देणं. मोफा, म्हणजे महाराष्ट्राच्या फ्लॅट-मालकीच्या कायद्याखाली सोसायटीची नोंदणी झाल्यावर 4 महिन्यांत बिल्डरने जमीन आणि इमारत तिच्या नावावर करून द्यायची असते. कित्येक ठिकाणी वीस-वीस वर्षं उलटतात, बिल्डर हलत नाही. मग बिल्डरच्या सहीशिवायच ती नावावर व्हावी म्हणून सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करावा लागतो.

मार्चमधल्या एका सोमवारी काकांचा फोन आला. "अगं, सकाळपासून तीन फोन आले. तिघेही पगारातल्या कन्व्हेयन्स अलाउन्सबद्दल, म्हणजे प्रवासभत्त्याबद्दल विचारतायत."

मी लगेच सर्च टर्म्सचा रिपोर्ट उघडला, म्हणजे लोकांनी प्रत्यक्षात काय टाइप करून जाहिरातीवर क्लिक केलं त्याची यादी. 'कन्व्हेयन्स अलाउन्स एक्झम्प्शन'. 'कन्व्हेयन्स अलाउन्स इन सॅलरी स्लिप'. 'कन्व्हेयन्स मीनिंग इन मराठी'. पानामागून पान तेच. आर्थिक वर्षाची अखेर, पगारदार लोक कराच्या हिशोबात गुंतलेले, आणि मी 'कन्व्हेयन्स' हा शब्द ब्रॉड मॅचवर, म्हणजे त्याच्याशी दूरान्वयानेही जुळणाऱ्या शोधांसाठी, मोकळा सोडलेला. एका क्लिकला 40-50 रुपये. अकरा दिवसांत 9,200 गेले होते. चूक सर्वस्वी माझी होती आणि पैसे काकांच्या पेन्शनमधले. मला फार वाईट वाटलं.

जाहिरात थांबवली आणि संध्याकाळच्या लोकलने डोंबिवली गाठली. काकांना सगळं सांगितलं, रिपोर्ट दाखवला. मग विचारलं, "काका, लोक पहिल्यांदा येतात तेव्हा काय म्हणतात? अगदी त्यांच्या शब्दांत?"

त्यांनी ड्रॉवरमधून लाल कापडी बांधणीची वही काढली. प्रत्येक सोसायटीला एक पान, आणि पानाच्या माथ्यावर आलेल्या माणसाचं पहिलं वाक्य. 'बिल्डर सही देत नाही.' 'बिल्डर वारला, मुलं दाद देत नाहीत.' 'सात-बारावर अजून जुन्या मालकाचं नाव.' 'रीडेव्हलपमेंट करायचंय, पण जमीनच आपली नाही म्हणतात.' मी तीसेक पानं उलटली. 'कन्व्हेयन्स' हा शब्द जेमतेम सहा पानांवर होता.

ती वाक्यं आम्ही तिथेच कीवर्ड म्हणून, म्हणजे ज्या शब्दांवर जाहिरात दिसावी ते शब्द म्हणून घातली, फ्रेज मॅचवर: शोधात त्या वाक्याचा अर्थ असेल तरच जाहिरात दिसते. देवनागरीत आणि रोमनमध्येही, कारण मराठी बोलणारी कितीतरी माणसं फोनवर रोमनमध्येच टाइप करतात. काही वाक्यांपुढे 'लो सर्च व्हॉल्यूम' असा शेरा आला: शोधणारे इतके कमी की गूगल त्यावर जाहिरात दाखवतच नाही. ती वाक्यं आखडून 'बिल्डर सोसायटी जमीन' एवढीच ठेवली. मोफा महाराष्ट्राचा कायदा आणि काका डोंबिवलीचे, म्हणून लोकेशनही फक्त ठाणे जिल्ह्यात असलेल्यांपुरतं केलं.

मग निगेटिव्ह कीवर्ड, म्हणजे ज्या शब्दांवर जाहिरात दिसू नये ते: अलाउन्स, सॅलरी, टॅक्स, मीनिंग, जॉब. मी 'फॉरमॅट'ही घालणार होते. फुकटात अर्जाचा नमुना शोधणारा ग्राहक कसा होणार? काकांनी हात धरला. "तो राहू दे. फॉरमॅट शोधणारा सेक्रेटरी आधी स्वतः करून बघतो, कागद अडले की माझ्याकडे येतो." माझ्या कुठल्याच रिपोर्टमध्ये हे मला दिसलं नसतं.

मथळ्याला 30 अक्षरांची मर्यादा असते. काकांनी सुचवलेला मथळा त्यात सहज बसला: 'बिल्डर जमीन देत नाही?'

पुढचे पाच दिवस क्लिक मोजके आले, फोन एकही नाही. रविवारी रात्री साडेनऊला काकांनी मला कॉन्फरन्सवर घेतलं. पलीकडे एका जुन्या इमारतीचे सेक्रेटरी होते, नुकतेच मीटिंगमधून उठलेले. मी न राहवून विचारलं, "तुम्ही गूगलवर काय टाकलंत?"

"बिल्डर मेला, आता सोसायटीची जमीन कोणाची?"

काका क्षणभर थांबले. मग मला वहीचं पान उलटल्याचा आवाज आला. "नोंदणीचा दाखला आहे ना तुमच्याकडे? आणि सगळ्यांचे इंडेक्स टू? सांगा, इमारतीचं नाव सांगा."