एकाच शुक्रवारच्या दोन बातम्या

रात्री उशिरा

आज २६ जानेवारी २०२४च्या जुन्या बातम्या पुन्हा चाळत बसले. आपल्याकडे तो प्रजासत्ताक दिन. त्या दिवशी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने दक्षिण आफ्रिकेच्या अर्जावर अंतरिम आदेश दिला होता: गाझात नरसंहाराची कृत्ये घडू नयेत म्हणून इस्रायलने पावले उचलावीत, मदत आत जाऊ द्यावी. मदतीबाबतचा आदेश १६ विरुद्ध १ मतांनी झाला. इस्रायलनेच नेमलेले न्यायमूर्ती अहरोन बराक यांनीही त्याच्या बाजूने मत दिलं! एवढ्या एका तपशिलावर खरं तर आठवडाभर चर्चा व्हायला हवी होती.

चर्चा झाली ती दुसऱ्याच बातमीवर. पॅलेस्टिनी निर्वासितांसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेतले, यूएनआरडब्ल्यूएतले, १२ कर्मचारी हमासने ७ ऑक्टोबर २०२३ला इस्रायलवर केलेल्या हल्ल्यात सामील होते हा इस्रायलचा आरोप त्याच दिवशी बाहेर आला. आरोप गंभीर होता, कर्मचाऱ्यांना काढल्याचं संस्थेनेच सांगितलं. पण गाझातच तिची तेव्हा सुमारे १३,००० माणसं काम करत होती. मथळ्यांत मात्र आरोपीच्या पिंजऱ्यात अख्खी संस्था. अमेरिकेने त्याच दिवशी निधी रोखला, पाठोपाठ ब्रिटन, जर्मनी, कॅनडा आणि इतर अनेक. न्यायालय म्हणतं मदत वाढवा, आणि मदत वाटणाऱ्या सगळ्यात मोठ्या संस्थेचेच पैसे बंद!

सरकारांनी केवळ बातम्या पाहून हे केलं असं मी म्हणणार नाही. पण ‘थांबा, आधी चौकशी होऊ द्या’ म्हणणारा नेता त्या हवेत टिकला नसता. त्यात गाझात परदेशी पत्रकारांना स्वतंत्रपणे प्रवेश नव्हता, त्यामुळे इस्रायली लष्कराच्या प्रवक्त्याचं म्हणणं सगळ्यात आधी जगभर पोचायचं.

एप्रिलमध्ये फ्रान्सच्या माजी परराष्ट्रमंत्री कॅथरीन कोलोना यांचा या संस्थेच्या निष्पक्षतेबद्दलचा अहवाल आला. संस्थेतले बरेच कर्मचारी दहशतवादी संघटनांचे सदस्य आहेत, या दाव्याचे पुरावे इस्रायलने अजून दिलेले नाहीत, असं त्यात होतं. ऑगस्टमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या चौकशीत निघालं की ९ जणांचा हल्ल्यात सहभाग असू शकतो, त्यांना काढलं. हेही सांगायलाच हवं. पण तोवर अमेरिकी काँग्रेसने मार्च २०२५पर्यंत निधीबंदीचा कायदा करूनही टाकला होता. अहवाल आतल्या पानावर, कायदा पुस्तकात.

भारताने जुलै २०२४मध्ये याच संस्थेला २५ लाख डॉलर दिले. आपल्या कुठल्या वाहिनीवर त्यावर वाद रंगलेला मला तरी आठवत नाही.