अंजिराची काडी आणि पहिल्या पानाचा मोह

अंजिराचं झाड काडीपासून लावणं खरंच सोपं आहे, बी-बिया काही लागत नाही, आणि आईझाड जसं तसंच फळ मिळतं. झाडाची पानं गळून ते झोपलेलं असतं ना, तेव्हा मागच्या वर्षीच्या पक्क्या लाकडाची काडी घ्यायची, पेन्सिलएवढी जाड, 15-20 सेमी लांब, निदान 3-4 डोळे (जिथून कोंब फुटतो त्या गाठी) असलेली. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली. कापताना पांढरा चीक येतो, तो हाताला लागू देऊ नका, कातडीची आग होते.

आता खरी गोष्ट. काडी लावली की दोनेक आठवड्यांत वर हिरवं पान फुटतं आणि आपण खूश होतो, पण ते पान काडीत साठवलेल्या अन्नावरच आलेलं असतं, खाली मुळाचा पत्ता नसतो! मी पहिल्या वेळी पान बघून पाणी वाढवलं आणि चार काड्या कुजवल्या, फार वाईट वाटलं. म्हणून आता पारदर्शक प्लास्टिकच्या ग्लासात लावते, तळाला भोकं, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि परलाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र खडे) निम्मं-निम्मं, नुसतं ओलसर, चिखल अजिबात नाही. उबदार जागा हवी, कडक ऊन नको. साधारण 4-6 आठवड्यांत ग्लासच्या कडेला पांढरी मुळं दिसतात, ती तपकिरी व्हायला लागली की मगच मोठ्या कुंडीत हलवा, आणि हलवताना मुळाभोवतीचा गोळा फोडू नका प्लीज, ती मुळं फारच नाजूक असतात.