तुम्ही विचारलंत म्हणून: लिग्नाइट स्वच्छ जाळता येतो का?

लिग्नाइटच्या, म्हणजे पाणी जास्त असलेल्या तपकिरी कोळशाच्या, बॉयलरवर नोकरी केली असे सांगितले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. पुण्यातील नातेवाईक तो आडून विचारतात. पर्यावरणाच्या चळवळीत काम करणारी माझी भाची तोंडावर विचारते. "मामा, 'स्वच्छ कोळसा' ही तुम्हा लोकांनी मारलेली थापच होती ना?" लग्नाच्या पंगतीत याचे उत्तर देता येत नाही, म्हणून "थाप नव्हती" एवढेच म्हणून मी मठ्ठ्याची वाटी पुढे करीत आलो. पुढच्या वेळी तेवढ्यावर भागवावे लागू नये, म्हणून हे लिहितो आहे.

थाप नव्हती, याचा हिशेब आधी मांडतो. गुजरात-राजस्थानच्या लिग्नाइटमध्ये गंधक बराच असतो; शंभर टनांत चार टन धरा. 125 मेगावॉटचे युनिट पूर्ण लोडवर तासाला साधारण तेवढाच, म्हणजे शंभर टनांच्या आसपास, लिग्नाइट खाते. तो सारा गंधक चिमणीतून बाहेर पडला तर तासाला आठ टन सल्फर डायऑक्साइड आसपासच्या शेतांवर जाईल. सीएफबीसी, म्हणजे जळते इंधन आणि राख सतत फिरती ठेवणाऱ्या, बॉयलरमध्ये लिग्नाइटबरोबर चुनखडीचा चुरा सोडतात, हवेच्या झोताने हे सगळे भट्टीत फिरते ठेवतात आणि तापमान 850 ते 900 अंशांत राखतात. त्या तापमानाला चुनखडीचा चुना होतो, चुना गंधकवायू धरतो आणि त्याचे कॅल्शियम सल्फेट होऊन ते राखेतून बाहेर येते. कोळशाची भुकटी करून जाळणाऱ्या भट्टीपेक्षा ज्वलन बरेच थंड असल्यामुळे नायट्रोजनचे ऑक्साइडही कमी होतात. सुरत जिल्ह्यात नानी नरोली येथे अशी युनिटे उभी राहिली, तेव्हा आम्हा तरुण अभियंत्यांना हा चमत्कारच वाटला होता, आणि रसायनशास्त्रापुरता तो आजही खरा आहे.

यावर भाची कार्बनचे विचारते, आणि तिथे माझी बाजू लंगडी पडते. त्या शंभर टन लिग्नाइटमधून सव्वाशे टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो, तो निघतोच. शिवाय चुनखडी स्वतःही तो सोडते, टनामागे सुमारे 440 किलो. कागदावर एक किलो गंधकाला तीन किलो चुनखडी पुरते. प्रत्यक्षात दुप्पट लागते. म्हणजे तासाला 25 टन चुनखडी, आणि तिच्यापोटी आणखी 11 टन कार्बन डायऑक्साइड. एका वायूची किंमत दुसऱ्या वायूत मोजली जाते. ही गोष्ट मी लपवली नाही, पण कोणी विचारल्याशिवाय सांगितलीही नाही.

तरीही माझे मत ज्याने बदलले, तो कार्बन नव्हे. पश्चिम भारतातील ज्या केंद्रात हे घडले त्याचे नाव मी घेणार नाही. त्या हंगामात खाणीच्या नव्या भागातून जास्त गंधकाचा लिग्नाइट येऊ लागला होता आणि त्या प्रमाणात आम्ही चुनखडी वाढवली होती. सायक्लोनने, म्हणजे धुरातून राख वेगळी करणाऱ्या भागाने, अडवलेली तप्त राख ज्या वाकड्या मार्गाने भट्टीत परत येते, त्या लूप सीलचा दाब चढू लागला. ब्लोअरची हवा वाढवून पाहिली, लोड उतरवून पाहिला. राख परतेना, आणि ती परतली नाही की भट्टी थंड राखणारेच काही उरत नाही. तापमान 950 च्या वर गेले आणि युनिट ट्रिप झाले, म्हणजे आपोआप बंद पडले.

निवल्यावर मॅनहोल उघडले, तेव्हा आत राख नव्हती, दगड होता. पांढुरका, पापुद्र्यापापुद्र्यांचा, छिन्नी मारली की खणखणणारा. गंधक धरण्यासाठी घातलेला चुनाच राखेला बांधून बसला होता. कंत्राटी कामगार तोंडाला गमछा बांधून पाळीपाळीने आत उतरत आणि ब्रेकरने तो फोडत. न विरलेला चुना पाणी मागतो आणि बंद जागेत त्याला ते माणसाच्या घामातून मिळते. एक जण बाहेर आला तेव्हा त्याची कॉलरखालची मान भाजून सोलली होती. त्याने तक्रार केली नाही. खोबरेल तेल मागितले. मी त्याला आधी भरपूर पाण्याने मान धुवायला लावली आणि प्रथमोपचार केंद्रात पाठवले. दुसऱ्या पाळीला तो पुन्हा आत उतरला, हे मला नंतर कळले.

युनिट पुन्हा सुरू करताना ठरले, की स्थिर होईपर्यंत चुनखडी कमी ठेवायची. मी विरोध केला नाही आणि आजही करणार नाही. पुन्हा तसाच दगड बांधून पुन्हा तीच माणसे आत पाठवण्यात कसली स्वच्छता? पण युनिट स्थिर झाल्यावरही चुनखडी सोडणारा फीडर पूर्ववत झाला नाही. चुनखडीला पैसे पडतात, वीज तिच्याविनाही तेवढीच होते, आणि औष्णिक केंद्रांच्या सल्फर डायऑक्साइडवर त्या काळी राष्ट्रीय मर्यादाच नव्हती. चिमणी किती उंच हवी, एवढाच नियम होता. मी टिपणे लिहिली. "पुढील बैठकीत पाहू" हे उत्तर आले आणि पुढील बैठकीतही तेच आले. मर्यादा डिसेंबर 2015 मध्ये आली, मुदती वाढत गेल्या, आणि जुलै 2025 मध्ये देशातील बहुसंख्य औष्णिक केंद्रांना गंधकवायू अडवणारे संयंत्र बसवण्यातून सूट मिळाली.

बॉयलर बदलला की इंधनाचा प्रश्न सुटतो, असे मी तरुणपणी भाषणांतून सांगत असे. त्या तरुणाला आज मी म्हणतो, की बाबा, तुझा बॉयलर गंधक अडवू शकतो, पण तो अडवायचा की नाही हे रोज सकाळी खर्चाचा तक्ता ठरवतो. तो मला उलट विचारतो, "मग काय भुकटी करून जाळायचा होता?" लिग्नाइटमध्ये पाणी इतके, की तो दूर नेणे परवडत नाही, ढीग करून ठेवला तर आपोआप पेट घेतो. खाणीशेजारी तो कोणीतरी जाळणारच होते. यावर माझ्यापाशी उत्तर नाही.

परदेशाचे दाखले मी भाचीला देऊन पाहिले. जर्मनीतील नीडरआउसेमच्या मोठ्या युनिटने 43 टक्क्यांवर कार्यक्षमता नेली आणि तिथेच लिग्नाइट आधी सुकवण्याचे संयंत्रही चालवून पाहिले. हे अभियांत्रिकीचे उत्तम काम आहे, आणि कार्बन त्याने घटतो, संपत नाही. कॅनडात बाउंड्री डॅमच्या तिसऱ्या युनिटवर 2014 पासून लिग्नाइटच्या धुरातील कार्बन पकडतात, पण त्याचा मोठा ग्राहक तेलक्षेत्र आहे, म्हणजे तो जमिनीत घालून आणखी तेल काढतात. इथे भाची हसते. मिसिसिपीतील केंपरचा दाखला मी देत नाही. साडेसात अब्ज डॉलरच्या आसपास खर्च करून 2017 मध्ये तिथले लिग्नाइटचे वायूकरण, म्हणजे त्याचा जळाऊ वायू करणे, थांबवले आणि केंद्र नैसर्गिक वायूवर चालवले. तो दाखला तीच देते.

नव्या लिग्नाइट केंद्राला संमती द्याल का, हा तिचा शेवटचा प्रश्न. दिवसा सौर वीज इतकी स्वस्त असताना नाही, असे मी एकदा म्हणालो, आणि मग रात्रीचे काय, असे मीच विचारले. चालू केंद्रांत चुनखडीच्या फीडरचा आणि चिमणीतील गंधकवायूचा आकडा शेजारीशेजारी, गावालाही दिसेल असा लावा, ही मागणी मात्र आम्हा दोघांची एकच आहे. तो लावल्यावर तिला केंद्र बंद करायचे आहे आणि मला चालवायचे आहे.